लॉग ९: शिवण सापडली, आणि मागच्या लॉगमधली फुशारकी मागे घेतो

मंडळी, आधी माफी. लॉग ८ मध्ये मी छाती फुगवून लिहिलं होतं की माझ्या लॅपटॉपमधल्या दोन जीपीयूंपैकी धाकटा (प्रोसेसरमधलाच इंटेल यूएचडी ६२०) मँडेलब्रॉट फ्रॅक्टलची अख्खी फ्रेम डबल-फ्लोटमध्ये (दोन साधे ३२-बिट फ्लोट जोडून एक जास्त अचूक आकडा) दोन सेकंदांत काढतो आणि थोरल्याला (वेगळा एनव्हिडिया एमएक्स१५०) साडेपाच लागतात. दोघातिघांनी "हे कसं काय" म्हणून विचारलंही होतं आणि मी आपलं झीरो-कॉपी (प्रोसेसर आणि जीपीयूनं एकच मेमरी कॉपी न करता वापरणं), शेअर्ड मेमरी वगैरे ठोकून दिलं. तर ते दोन सेकंद हाच बग होता. तीन आठवडे ज्या शिवणीमागे लागलो होतो ती त्या दोन सेकंदांतच लपलेली, आणि मी तिलाच हार घालत बसलो होतो.

शिवण म्हणजे काय ते सांगतो. फ्रेमचा डावा अर्धा थोरला काढतो, उजवा धाकटा. मँडेलब्रॉटमधल्या सीहॉर्स व्हॅली या भागातला आपला नेहमीचा पॉइंट, -०.७४३६४३८८७ आणि ०.१३१८२५९०४. रुंदी ०.००१ असेपर्यंत चित्र एकसंध, मग जसजसं आत जावं तसतशी मधोमध उभी रेघ दिसायला लागते, आणि ०.०००००१ ला डावीकडे सुंदर भोवरे नि उजवीकडे चक्क विटांची भिंत.

पहिला संशय ड्रायव्हरवर. योगायोग असा की त्याच आठवड्यात सिस्टिम अपडेट केल्यावर सीएल-इन्फो (ओपनसीएल, म्हणजे जीपीयूवर हिशोब चालवायच्या पद्धतीला, कोणती उपकरणं दिसतात ते सांगणारी कमांड) मधून धाकटा गायबच झाला होता, कारण इंटेलच्या कंप्यूट रनटाइममध्ये (ओपनसीएलचा ड्रायव्हर) ८व्या, ९व्या आणि ११व्या जेनचे ग्राफिक्स आता लेगसी, म्हणजे जुन्यांसाठीच्या, शाखेत गेलेत, ती २४.३५ वाली पॅकेजेस वेगळी टाकावी लागतात (आपल्या आय५-८२५०यू मधला हा ९वा जेन, प्रोसेसरच्या पिढीशी घोळ करू नका, मी केला होता). ती टाकली, धाकटा परत आला, आणि शिवण दिसली. मग काय, लेगसी ड्रायव्हरला शिव्या. तीन जुन्या आवृत्त्या टाकून बघितल्या, कॅशे रिकामी केली, ढिम्म फरक नाही.

मग झीरो-कॉपीवर संशय. बफर ४०९६ बाइट्सवर अलाइन हवा आणि साइज ६४ च्या पटीत, नाहीतर तो गुपचूप कॉपी करतो. ते तपासलं, बरोबर होतं. आणि कॉपी झाली तरी विटा कशाला येतील म्हणा, पण रात्री दीड वाजता माणूस काहीही तपासतो. रॅम तपासली, मेमटेस्ट रात्रभर. उष्णता असेल म्हणून लॅपटॉप पाटावर दोन उलट्या वाट्यांवर ठेवला, पेस्ट बदलली. (पेस्ट पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून आणली, ट्यूबमधून आधी तेल आलं आणि मग खडू. पाच रुपये जास्त गेले तरी सीलबंद घ्या, सुटी नको.) अर्धे उलटेपालटे केले, म्हणजे धाकट्याला डावीकडे टाकलं, तर विटा त्याच्या मागोमाग डावीकडे. शेवटी पोकल (ओपनसीएल सीपीयूवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून तोच कर्नल, म्हणजे जीपीयूवरचा प्रोग्रॅम, सीपीयूवर चालवला, तिसरा साक्षीदार म्हणून. हळू चालतो, पण अशा वेळी सोन्यासारखा आहे. त्याचं चित्र थोरल्याशी जुळलं. म्हणजे खोटं धाकटाच बोलतोय.

आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, गिम्पमध्ये झूम करून एक वीट मोजली. ११४ पिक्सेल रुंद, २८-२९ उंच. चौरस नाही! वीट म्हणावी अशीच, एकास चार. कागद घेतला. ०.७४ च्या आसपास दोन शेजारी फ्लोटमधलं अंतर २ चा उणे २४वा घात, साधारण ०.०००००००६. ०.१३ च्या आसपास तेच उणे २६वा घात, म्हणजे चारपट बारीक. त्या झूमला, १९२० च्या फ्रेममध्ये, एका फ्लोट-पायरीत आडवे ११४ पिक्सेल बसतात आणि उभे साडेअठ्ठावीस. आकडा जुळला तेव्हा खुर्चीतून उठून गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. याचा अर्थ डबल-फ्लोट बिघडलेलं नाहीये, ते धाकट्याकडे चालतच नाहीये, तो निव्वळ साध्या फ्लोटमध्ये हिशोब करतोय.

का, ते मग पाच मिनिटांत कळलं आणि लाज वाटली. डबल-फ्लोटची सगळी मेख बेरजेत असते. दोन आकडे मिळवायचे, बेरजेतून पहिला वजा करायचा, जे उरेल ते आणि दुसरा आकडा यांत जो फरक पडतो तो गोलाई करताना सांडलेला चुरा, आणि तो चुरा दुसऱ्या फ्लोटमध्ये जपून ठेवायचा. शाळेतल्या गणितानं हा फरक शून्यच येतो. आणि मार्चमध्ये, डबल-फ्लोट डोक्यातही नव्हतं तेव्हा, मीच धाकट्याच्या बिल्ड ऑप्शन्समध्ये फास्ट-रिलॅक्स्ड-मॅथ घातलं होतं, वेग वाढावा म्हणून. तो फ्लॅग कंपायलरला सांगतो की शाळेतलं गणित लाव. त्यानं बिचाऱ्यानं लावलं, चुरा शून्य, सगळं कामच उडालं, म्हणून दोन सेकंद. थोरल्याच्या फाइलमध्ये तो फ्लॅग नव्हता. फ्लॅग काढला, विटा गेल्या. शिवणीवर तरी चारदोन पिक्सेल वेगळे येत होते, ते एफपी-कॉन्ट्रॅक्ट (गुणाकार-बेरीज एकत्र करून एकदाच गोलाई करायची मुभा) ऑफ केल्यावर गेले, ओपनसीएलमध्ये ते बाय डिफॉल्ट ऑन असतं हे विसरायला होतं.

पण आता धाकट्याला तीच फ्रेम १२ सेकंद. हिरमोड.

इथेच लॉग संपवणार होतो. पण या सगळ्या तपासणीत सीएल-इन्फो मी शंभरदा वाचलं आणि एक ओळ दरवेळी डोळ्यांखालून जात होती, धाकट्याच्या खाली डबल प्रिसिजन: आहे. आपण सगळे धरूनच चालतो ना की घरगुती जीपीयूवर एफपी६४ (हेच ६४-बिट डबल) म्हणजे शोभेचं. थोरल्याला ते खरंय, पास्कलमध्ये (एमएक्स१५० ची चिप-रचना) फ्लोटच्या १/३२ वेग. पण ९व्या जेनच्या इंटेलमध्ये १/४ आहे! हिशोब करा, धाकटा २४ ईयू (एक्झिक्यूशन युनिट), १.१ गिगाहर्ट्झ, फ्लोटमध्ये साधारण ४२० गिगाफ्लॉप्स (सेकंदाला अब्ज हिशोब), म्हणजे डबलमध्ये १०५. माझा एमएक्स१५० २५ वॉटवाला आहे (१० वॉटवालाही त्याच नावानं विकला गेला, एलएसपीसीआयमध्ये १डी१० की १डी१२ ते बघा), तो फ्लोटमध्ये ११०० च्या वर, पण डबलमध्ये ३५-३६. साधं डबल टाकून चालवलं: थोरला ९.४ सेकंद, धाकटा ४.१. पुन्हा चालवलं, तेच. या वेळी पोकलशी पिक्सेल न् पिक्सेल ताडून मगच हे लिहितोय, एकदा तोंड पोळलंय. गंमत म्हणजे मित्राचा ११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा नवा लॅपटॉप, आयरिस एक्सई, त्यात हार्डवेअर एफपी६४ नाहीच.

मग ठरवलं, धाकट्याला खरं डबल, थोरल्याला डबल-फ्लोट. दोघं एकत्र लावले तर धाकटा लगेच सहा सेकंदांवर घसरला. इंटेल-जीपीयू-टॉप बघितलं तर त्याचा क्लॉक पडलेला, कारण थोरल्याची वाट बघणारा सीपीयू थ्रेड सीएल-फिनिशमध्ये (जीपीयूचं काम संपेपर्यंत थांबायची आज्ञा) १०० टक्के गरगरत बसतो आणि १५ वॉटच्या एकाच ताटात सीपीयू आणि धाकटा दोघं जेवतात. इव्हेंटचं स्टेटस विचारून मध्ये एक मिलिसेकंद झोप घालायला लावली, धाकटा परत साडेचारवर.

हे लिहिता लिहिताच नवं खटकलं. डबल-फ्लोटचे ४८-४९ बिट्स, खऱ्या डबलचे ५३, म्हणजे अजून आत गेलो की शिवण परत येणारच. त्यापेक्षा पर्टर्बेशन घ्यावं का? २०१३ पासून डीप झूमवाले तेच वापरतात, एक संदर्भ-कक्षा (एकाच बिंदूचे क्रमाने येणारे सगळे आकडे) सीपीयूवर भरपूर अंकांनी काढायची आणि बाकी पिक्सेल्सचा फक्त फरक साध्या फ्लोटमध्ये. मग थोरल्याचे ११०० गिगाफ्लॉप्स कामाला येतात आणि धाकट्याचं एफपी६४ पुन्हा शोभेचं. आत्ताच कुठे त्याचं कौतुक केलं, वाईट वाटतंय. ग्लिचेस (या पद्धतीत काही पिक्सेल चुकतात ते) कसे ओळखता हे कोणी केलं असेल तर सांगा, मी तोवर रविवारी संदर्भ-कक्षेचा कोड लिहायला घेतो. आणि हो, त्या बिल्ड ऑप्शन्सच्या दोन फाइल्सची आता एकच केलीये.