दहा पूर्णांक पाच शतांश

१० नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचे साडेअकरा

आज टीए झाला, आमची प्राध्यापकांची युनियन आणि कॉलेज चालवणारं डिस्ट्रिक्ट यांच्यात. टीए म्हणजे तात्पुरता करार. प्रत्येक कलमाखाली दोन्ही बाजूंनी आद्याक्षरं टाकायची आणि तो सभासदांच्या मतदानाला पाठवायचा. सकाळी नऊला बसलो ते संध्याकाळी सातला उठलो. त्यातला समोरासमोरचा वेळ मोजला तर दोन तासही भरणार नाहीत. बाकी सगळा दिवस वेगवेगळ्या खोल्यांत, आपापल्या माणसांबरोबर, गार झालेली कॉफी पीत. वाटाघाटी म्हणजे टेबलावर मुठी आपटणं असं मला पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात हे लग्नाच्या बैठकीसारखं असतं. मुलीकडचे आतल्या खोलीत, मुलाकडचे बाहेरच्या, आणि एक मध्यस्थ कागद घेऊन ये-जा करतोय.

आमच्या खोलीत पाच जण. चार पूर्णवेळ, पाचवी मी, अर्धवेळांची प्रतिनिधी.

माझं एकच कलम होतं, ओव्हरलोडचं. मार्चपासून त्याचा मसुदा घासत होते. दुपारी तीनच्या सुमाराला ते पडलं. समोरच्यांनी नाही पाडलं. त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. आमच्याच खोलीत पडलं.

डोळे मिटत नाहीयेत, आणि लिहायचं त्राणही नाही. उद्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

व्हेटरन्स डेची सुट्टी. पेपर तपासायला घेतले, अकरा तपासून झाले, मग हीच वही उघडली.

ओव्हरलोड म्हणजे काय हे सोलापूरच्या मैत्रिणींना फोनवर सांगताना दर वेळी फाफटपसारा होतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत, ७३ डिस्ट्रिक्टांत विभागलेली. पदवीची पहिली दोन वर्षं इथे स्वस्तात करायची आणि मग मोठ्या विद्यापीठात बदली घ्यायची, अशी मुलं माझ्या वर्गात येतात. शिवाय दिवसभर गोदामात काम करून आलेले, चाळिशीत नर्सिंगला वळलेले, आणि आईला गणिताची भीती वाटते म्हणून तिच्याबरोबर स्वतःही नाव घातलेली एक मुलगी. मला ही गर्दी आवडते. तक्रार त्यांच्याबद्दल कधीच नव्हती.

आता हिशोब. पूर्णवेळ प्राध्यापकाचा एका सत्राचा भार १५ युनिट, म्हणजे श्रेयांक. अर्धवेळाने एका डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त शिकवायचं नाही, असा कायदा. २००८ पर्यंत ही मर्यादा ६० टक्के होती. १५ चे ६७ टक्के म्हणजे १०.०५. माझा संख्याशास्त्राचा वर्ग ४ युनिटांचा. दोन घेतले तर ८, तिसरा घेतला तर १२, म्हणजे कायद्याबाहेर. ती उरलेली दोन युनिटं आणि वरचे पाच शतांश हवेत विरून जातात. ही मर्यादा ८० ते ८५ टक्क्यांवर न्यायची विधेयकं २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये विधिमंडळात मंजूर झाली. दोन्ही वेळा गव्हर्नर न्यूसम यांनी खर्चाचं कारण देऊन नकाराधिकार वापरला.

मग तिसऱ्या वर्गासाठी काय करायचं? गाडी काढायची. ८८० नंबरचा फ्रीवे धरायचा, दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये जायचं. आमच्यासारख्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. ऐकायला एखाद्या पक्ष्याचं नाव वाटतं.

ही मर्यादा पूर्णवेळांना नाही. ते आपले १५ पूर्ण करून वर एक-दोन वर्ग घेऊ शकतात, वेगळ्या पगारावर. तोच ओव्हरलोड. वर्गांची वाटणी होते तेव्हा आधी त्यांचा भार, मग त्यांचा ओव्हरलोड, आणि उरलेलं आम्हाला. डिस्ट्रिक्टलाही ते स्वस्त पडतं, कारण त्या जास्तीच्या वर्गावर नवा विमा नाही की नवं काही नाही. माझं कलम इतकंच म्हणत होतं की, जे अर्धवेळ शिक्षक वर्षानुवर्षं चांगल्या मूल्यांकनावर शिकवतायत त्यांचे नेहमीचे वर्ग आधी द्या, ओव्हरलोड त्यानंतर वाटा. पुनर्नियुक्तीच्या प्राधान्यक्रमावर वाटाघाटी करायलाच हव्यात असा कायदा २०१६ मध्ये झाला. आमच्या करारात तो क्रम आहेही, पण ओव्हरलोडच्या खाली.

गणितवाल्यांना हे जास्त झोंबतं. २०१७ च्या एबी ७०५ या कायद्यानंतर पाया पक्का करायचे बीजगणिताचे वर्ग झपाट्याने कमी झाले, मुलं थेट पदवीच्या गणितात बसू लागली. तो कायदा बरोबर की चूक यावर मी तासभर भांडू शकते, दोन्ही बाजूंनी. पण ते वर्ग शिकवत कोण होतं? आम्हीच.

दुपारी आईचा फोन. बार्शीत तेव्हा पहाट झाली होती. "अगं, झाला का तुमचा करार? मग आता तू पर्मनंट ना?"

"नाही गं आई. करार सगळ्यांचा आहे, पर्मनंट होण्याचा नाही."

"मग एवढी कशाला मरमर करतेस?"

सोलापूरला मी सीएचबीवर होते तेव्हाही ती हेच विचारायची. तासिका तत्त्व. प्राध्यापकपदासाठी लागणारी सेट परीक्षा पास होते, पण जागाच निघत नव्हत्या, आणि तासांचे पैसे सगळं वर्ष सरल्यावर एकदम यायचे. २०१३ मध्ये एमफुक्टोने, म्हणजे प्राध्यापकांच्या राज्य महासंघाने, परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला तेव्हा स्टाफरूममध्ये रोज सभा होत. आम्ही दारापाशी उभे. कोणी हाकलत नव्हतं आणि कोणी बसही म्हणत नव्हतं. त्या वेळी वाटलं होतं, आपली वेगळी संघटना नाही म्हणून हे असं. इथे संघटना आहे, मी तिच्या टेबलाशी बसते, खुर्चीवर माझ्या नावाची पाटी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धवेळांची बैठक. आमच्या सामायिक खोलीत टेबलं कमी आणि माणसं जास्त. निम्मे जण गाडीत बसून झूमवर. दिवाळीच्या फराळातला उरलेला चिवडा नेला होता. तो दहा मिनिटांत संपला आणि बैठक दीड तास चालली.

टीएमधल्या चांगल्या गोष्टी मी आधी सांगितल्या. कोणीही तेच केलं असतं. सत्र सुरू होण्याआधी वर्ग रद्द झाला तर आता काही पैसे मिळणार, आत्तापर्यंत शून्य. ऑफिस अवर्सचे, म्हणजे वर्गाबाहेर विद्यार्थ्यांना भेटायचे, तास वाढले. आणि आरोग्य विमा. राज्याने २०२२ मध्ये अर्धवेळांच्या विम्यासाठी वर्षाला २० कोटी डॉलर ठेवले. त्याआधी ही रक्कम पाच लाखांच्याही आत होती. पण डिस्ट्रिक्टने विमा द्यायचं कबूल करून आधी खर्च करायचा आणि मग राज्याकडून परतावा मागायचा, अशी रचना. आमच्या डिस्ट्रिक्टला हे कबूल व्हायला इतकी वर्षं लागली. ज्यांचा भार ४० टक्के भरतो त्यांना आता विमा मिळेल. आठ युनिटवाले सगळे त्यात बसतात.

मग इंग्रजी शिकवणारी माझी मैत्रीण म्हणाली, "आणि ओव्हरलोड?"

ती तीन डिस्ट्रिक्टांत शिकवते. दर उन्हाळ्यात बेकारी भत्त्याचा अर्ज करते. माझा पहिला अर्ज तिनेच शेजारी बसून भरून घेतला होता. १९८९ च्या सर्व्हिसी निकालाचं सार तिला तोंडपाठ आहे: पुढच्या सत्राचा वर्ग पटसंख्येवर आणि निधीवर अवलंबून असेल तर ती कामाची हमी नव्हे, म्हणून भत्ता मिळतो. कायद्याच्या भाषेत आमची अनिश्चितता इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही.

मी म्हणाले, "ते शेवटपर्यंत टिकलं नाही."

"डिस्ट्रिक्टने नाकारलं?"

खोलीतलं खोलीत ठेवायचं हा नियम आहे आणि तो बरोबरही आहे. नाहीतर कोणी मोकळेपणाने बोलणारच नाही. म्हणून मी पुन्हा म्हणाले, "टिकलं नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. तिला कळलं. इतकी वर्षं ती निबंध तपासतेय, कर्ता गाळलेलं वाक्य तिला लगेच दिसतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पार्किंग लॉट म्हणजे खोली नव्हे, असं मी ठरवलंय. त्यामुळे हे लिहायला हरकत नाही.

सोमवारी संध्याकाळी आमचे मुख्य वाटाघाटीकार माझ्या गाडीपर्यंत आले. इतिहास शिकवतात, निवृत्तीला आलेत, भला माणूस. पंचवीस वर्षांत रात्रीच्या बोर्ड मीटिंगांना सर्वांत जास्त वेळा तेच उभे राहिले असतील, तीन-तीन मिनिटं बोलायला. म्हणाले, "मी दर सत्रात एक ओव्हरलोड घेतो. तो नसेल तर घराचा हप्ता जड जातो. हे तुला सांगायलाच हवं होतं." मग म्हणाले, या एका कलमावर अडून बसलो असतो तर कोंडी झाली असती. कोंडी झाली की राज्याचा मध्यस्थ, मग तथ्यशोधनाची त्रिसदस्य समिती, आणि तरी जमलं नाही तर डिस्ट्रिक्ट आपला शेवटचा प्रस्ताव लादू शकतं. विमाही गेला असता.

हे खरं आहे. पण ते कलम समोर ठेवलंच नव्हतं, मग त्यावर कोंडी कशी झाली असती, हे मला गाडी सुरू केल्यावर सुचलं. मला बरोबर उत्तरं नेहमी ८८० वरच सुचतात.

त्यांचा राग येत नाही, हीच अडचण आहे. महागाईभत्त्यासारखा जो कोला राज्याकडून येतो तो २०२३-२४ मध्ये ८.२२ टक्के होता आणि पुढच्याच वर्षी १.०७. इथल्या घरांच्या किमती त्या हिशोबाने हलत नाहीत. त्यांनाही तो वर्ग हवाय, मलाही. एकच वर्ग आहे.

आणि विमा मला नकोच आहे. नवऱ्याच्या कंपनीचा आहे. तो हवाय तिला, जिने वही मिटली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मतदान सुरू. मत फक्त सभासदांना. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या जेनस निकालानंतर सभासद नसलेल्यांकडून युनियनला काहीच शुल्क घेता येत नाही, त्यामुळे आमच्यातले बरेच जण बाहेरच राहिलेत. वर्षभरासाठी येतात, पैसे वाचवतात, मी कोण त्यांना नावं ठेवणार. पण मग संख्येने आम्ही जास्त आणि मतांनी कमी.

सकाळी सव्वासहाला, चहा उकळेपर्यंत, मी ‘हो’वर बोट ठेवलं. मनात गोंधळ होता असं लिहायला बरं वाटलं असतं, पण नव्हता.

गोंधळ दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या दुपारी खोलीत मला कोणीतरी विचारलं होतं, साधा प्रश्न: ओव्हरलोडमुळे दर सत्रात अर्धवेळांचे नक्की किती वर्ग जातात? मी म्हणाले, "बरेच." संख्याशास्त्र शिकवणारी बाई, आणि उत्तर काय, तर बरेच! माझ्या विद्यार्थ्याने परीक्षेत असं लिहिलं असतं तर मी शेजारी लाल शाईत मोठं प्रश्नचिन्ह काढलं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दरवर्षी दोन्ही बाजूंना काही कलमं पुन्हा उघडता येतात. आपला प्रस्ताव आधी जाहीर सभेत मांडावा लागतो, मगच बोलणी. त्याला अजून काही महिने आहेत. वाटाघाटींसाठी लागणारी माहिती युनियन मागू शकते आणि डिस्ट्रिक्टला ती द्यावी लागते. हा हक्क मी इतके महिने वापरलाच नाही. आज माहितीच्या मागणीचा मसुदा केला: गेल्या सहा सत्रांतले सगळे वर्ग, विषयवार, प्रत्येकावर ‘भार’, ‘ओव्हरलोड’ की ‘अर्धवेळ’ ही नोंद, आणि रद्द झालेले वर्ग वेगळे. नावं नकोत. नावं आली की पुन्हा पार्किंग लॉट येतो.

वेळापत्रक तसंही वेबसाइटवर उघडं आहे, त्यामुळे सुरुवात हातानेही करता येईल. गणित माझ्या हातचं. इंग्रजीचे वर्ग कोणाकडे कसे जातात ते मला कळत नाही.

तिला मेसेज केला. कलमाबद्दल काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, शनिवारी तीन तास देशील का, आकडे मोजायचेत.

दोन तासांनी उत्तर आलं: सकाळी नाही, सकाळी पेपर आहेत. दुपारी येते. तो चिवडा आहे का अजून?

संपलाय. पोहे आणायला हवेत, पातळ.