काही कमी होईल का?

घर भाड्यानं घेताना, जुनी गाडी विकताना ज्यांच्या घासाघिशीला धरबंध नसतो, त्यांना क्रेडिट कार्डाच्या व्याजदराचं विचारून पाहा. "तो काय, ठरलेलाच असतो," म्हणतील. छापील टक्केवारीचा दरारा असा, की भल्याभल्यांची दातखीळ बसते. शिवाय थोडी लाजही असते. थकबाकी आपली, मग कुठल्या तोंडानं मागायचं?

मला वाटतं, त्याच तोंडानं मागावं. ज्याची बाकी शून्य, त्याला दर कमी करून मिळाला काय आणि न मिळाला काय!

"दरमहा साडेतीन टक्के" हा आकडा दिसायला किती गरीब. बारानं गुणला की ४२ होतो आणि व्याजावरचं व्याज धरलं की वर्षाला ५१ च्याही पुढे जातो. बरं, दर महिन्याला नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर? ती थकबाकीच्या ५ टक्के धरा, नवी खरेदी बंद ठेवा. तरी कर्ज निम्म्यावर यायला ४१ महिने जातात. दर अडीच टक्के असेल तर तेच २६ महिन्यांत होतं. एका टक्क्यासाठी कोण फोन करत बसणार, असं म्हणणाऱ्यांनी हे मधलं सव्वा वर्ष मोजावं.

तसं हे व्याज कार्डाबरोबर जन्मलेलं नाही. १९५० सालच्या डायनर्स क्लबच्या कार्डाचं बिल एकरकमी चुकतं करावं लागे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकानं फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं लोकांनी न मागता टपालानं धाडली, आणि बाकी पुढे ओढत हप्त्याहप्त्यानं फेडायची मुभाही दिली. न मागता कर्ज देणाऱ्यांकडे सवलत मागताना कसली आलीये भीड?

तर, फोन. पहिला आवाज गोड असतो आणि त्याच्या हातात काही नसतं. "सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही," हे उत्तर ठरलेलं. त्या माणसावर डाफरण्यात अर्थ नाही, तोही समोरचा कागद वाचतोय. "मग हे ज्यांच्या अधिकारात आहे त्यांच्याकडे जोडून द्या," इतकंच म्हणावं. कार्ड बंद करायचं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला थोपवण्यासाठी बऱ्याच बँकांनी वेगळी माणसं बसवलेली असतात; सूट देण्याची मुभा असते ती त्यांना. तिथं आपली गाऱ्हाणी कमी आणि कागद जास्त चालतात: इतकी वर्षं एकही हप्ता चुकला नाही, दुसरी बँक या दरानं बाकी वळवून घ्यायला तयार आहे. (ती वळवण्याचं शुल्क घेते, हे आपण मनात ठेवायचं.) खरोखरच ओढाताण असेल तर मात्र बंद करण्याची धमकी नको. कार्ड गेलं तरी कर्ज जागच्या जागी राहतं. अडचण सरळ सांगावी. हप्ते पाडून देण्याची सोय तशा वेळी निघू शकते.

आणि मग आपला आकडा सांगून गप्प बसावं. हे सगळ्यात अवघड. पलीकडे कळफलक वाजत असतो आणि आपल्याला उगाच "नाही जमलं तरी चालेल हं" म्हणायची उबळ येते. ती गिळायची.

होकार आलाच, तर नवा दर जुन्या बाकीलाही लागू आहे की फक्त पुढच्या खरेदीला, ते विचारायचं आणि लेखी मागायचं. सवलत कधी संपते तेही. ती तारीख ते आपणहून सांगतीलच असं नाही.