दावीदाची शिरगणती आणि आईचा प्रश्न

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. धुळे जिल्ह्यातील आमच्या गावी सांत्वनाच्या प्रार्थनेसाठी आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हा देवाचा कोप आहे असे सांगितले, आणि ते निघून गेल्यावर आईने मला विचारले, "भाऊ, देव आपलावर रागे भरना का रे?" आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी पंधरा वर्षे बायबलचे वर्ग घेत होतो, तरी मला उत्तर देता आले नाही.

मी बायबलमधील मरीच्या, म्हणजे जीवघेण्या साथीच्याच अध्यायापासून वाचायला घेतले. २ शमुवेल या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात परमेश्वराचा कोप इस्राएलावर भडकतो, तोच दावीद राजाला लोकांच्या शिरगणतीस प्रवृत्त करतो, ती पाप ठरते आणि पुढे शिक्षा म्हणून आलेल्या मरीत ७०,००० माणसे मरतात. १ इतिहास या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात हीच हकिकत आहे, पण तिथे दावीदाला चिथावणारा सैतान आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून मी दोन्ही अध्याय समोरासमोर उतरवले, तेव्हा आणखी फरक दिसले: दावीदापुढे ठेवलेल्या शिक्षांमध्ये एकीकडे सात वर्षांच्या दुष्काळाचा पर्याय, दुसरीकडे तीन वर्षांच्या; शेवटी वेदी बांधण्यासाठी त्याने विकत घेतलेल्या खळ्याची किंमत एकीकडे ५० शेकेल रुपे, दुसरीकडे ६०० शेकेल सोने.

आमच्या पाळकसाहेबांनी वही शांतपणे वाचली. प्राचीन ग्रीक भाषांतरात शमुवेलातही तीनच वर्षे आहेत, म्हणून तो आकडा नकला करताना बदलला असावा, हे त्यांचे म्हणणे मला पटले. रुपे खळ्याचे व बैलांचे आणि सोने सगळ्या जागेचे, हा खुलासा मात्र शक्य वाटला तरी पुरेसा वाटला नाही, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. सैतानाचा प्रश्न अधिक खोल होता. इतिहासाचे पुस्तक बाबेलच्या बंदिवासानंतरचे आहे, आणि देवानेच पापाला प्रवृत्त केले असे लिहिणे त्या पिढीला जड गेले असावे. हिब्रूत 'सैतान' या शब्दाचा मूळ अर्थ 'विरोधक' असा आहे. गणना या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात बलाम नावाच्या माणसाच्या वाटेत परमेश्वराचा दूतच असा विरोधक म्हणून उभा राहतो. हे समजल्यावर दोन्ही वचने ओढूनताणून एक करण्याचा माझा हट्ट सुटला.

मला सर्वांत जास्त आधार दिला तो एका शब्दाने. हिब्रूत रागासाठी असलेला 'अफ' हा शब्द नाकासाठीही आहे. आपणही एखाद्याच्या नाकावर राग असतो असे म्हणतो, त्यामुळे मला तो लगेच कळला. निर्गम ३४:६ मध्ये आपण ज्याला 'मंदक्रोध' म्हणतो, तिथे मूळ शब्दशः 'लांब नाकाचा' असे आहे; म्हणजे ज्याचा राग नाकावर बसलेला नाही, ज्याला तो यायला फार वेळ लागतो असा. लोकांनी सोन्याचे वासरू घडवून त्याची पूजा केली, त्या एवढ्या मोठ्या विश्वासघातानंतर, देव स्वतःची ओळख अशी करून देतो.

मग मी शमुवेलातला तो मरीचा अध्याय पुन्हा वाचला आणि आधी नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. नाश करणाऱ्या दूताला देव "आता पुरे" म्हणतो ते सोळाव्या वचनात, "पाप मी केले, या मेंढरांनी काय केले?" हे दावीदाचे गाऱ्हाणे येते सतराव्यात, आणि वेदी त्यानंतर. हात आधी आवरला गेला होता. तरीही त्या ७०,००० माणसांचे काय, याचे उत्तर मला मिळालेले नाही. दावीदाचा तो प्रश्न शास्त्राने खोडला नाही, दोन्ही पुस्तकांनी जपून ठेवला, एवढे मी पाहिले. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हते, असे येशू स्पष्ट सांगतो. माझ्या भावाविषयी कोणी कोपाचे बोलले तर मी आता हे वचन दाखवतो.

दिवाळीच्या आधी बाजरी निघाली. आई खळ्यावर सुपाने दाणे पाखडत होती, तेव्हा शेजारी बसून मी तिला हे सगळे सांगितले. गाद संदेष्ट्याने दावीदाला यबूसी शेतकऱ्याच्या खळ्यावर वेदी बांधायला सांगितले, इथवर आलो तेव्हा तिचे सूप थांबले.

"खयावरच?" तिने विचारले.

"हो माय, खळ्यावरच."

तिने शेणाने सारवलेल्या जमिनीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "परत वाच."