कॅमेरा कुठे उभा होता

डोंगराचे छायाचित्र काढले, की त्यासोबत जे अक्षांश-रेखांश साठवले जातात ते डोंगराचे नसतात. आपण जिथे उभे राहून बटण दाबले त्या जागेचे ते असतात, आणि ती जागा बहुधा एखादे वाहनतळ असते, नाही तर रस्त्याकडेचा कठडा. छायाचित्रांना स्थान जोडण्याच्या, म्हणजे सध्याच्या बोलीत जिओटॅगिंगच्या, उद्योगात मी रमू लागलो तेव्हा या गोष्टीची मला फार गंमत वाटली आणि ती अजून ओसरलेली नाही. चंद्राचा फोटो काढला तरी नकाशावरची टाचणी आपल्याच गच्चीवर टोचलेली दिसते. चौकटीत जो कधीच येत नाही, त्या फोटो काढणाऱ्याचा पत्ता मात्र फाइलमध्ये न चुकता येतो. वृत्तछायाचित्रांच्या माहितीसाठी मानके ठरवणाऱ्या आयपीटीसी या संस्थेने म्हणूनच दोन रकाने वेगळे ठेवले आहेत: एक फोटो जिथून काढला त्या जागेचा आणि दुसरा फोटोत दिसणाऱ्या जागेचा. दुसरा रकाना कोणीतरी बसून भरावा लागतो, त्यामुळे घरगुती संग्रहात तो रिकामाच राहतो.

हे आकडे फाइलच्या पोटात कसे बसतात तेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये १९९५ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या एक्झिफ या मानकात छायाचित्राची माहिती छायाचित्राच्याच फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सोय आहे, आणि स्थानासाठी त्यात स्वतंत्र कप्पा आहे. अक्षांश तिथे अंश, मिनिटे आणि सेकंद अशा तीन अपूर्णांकांत लिहिला जातो, आणि तो उत्तर की दक्षिण हे सांगणारे अक्षर निराळे ठेवले जाते. एखाद्या आळशी प्रोग्रॅमने ते एवढेसे अक्षर वाचले नाही, तर दक्षिण गोलार्धातली सगळी सहल विषुववृत्त ओलांडून बरोबर तितक्याच अंतरावर उत्तरेला जाऊन पडते. स्थान मिळालेच नाही आणि रकान्यांत नुसती शून्ये भरली गेली, तर फोटो थेट गिनीच्या आखातात जातो, कारण शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश तिथे एकमेकांना छेदतात. त्या ठिकाणी हवामानाच्या नोंदी घेणारा एक बोया सोडला तर पाण्याशिवाय काही नाही. तरी नकाशांच्या हिशेबाने कितीतरी लग्ने आणि बारशी तिथेच पार पडली असणार.

मोबाइलवर एखाद्या फोटोचा तपशील उघडला, की छोट्या नकाशाखाली दशांशचिन्हानंतर सहा-सहा अंक झळकतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा सहावा अंक हा जेमतेम ११ सेंटिमीटरांचा मामला झाला. इतकी अचूक माहिती मोबाइलला मुळात नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून तो आपली जागा काढतो. तीन उपग्रह जागेसाठी आणि चौथा मोबाइलच्या स्वतःच्या घड्याळातली चूक निस्तरण्यासाठी, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मोकळ्या आभाळाखाली हे गणित काही मीटरांपर्यंत बरोबर येते. उंच इमारतींच्या मध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात आणि टाचणी समोरच्या पदपथावर सरकते. अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली. त्याआधी ती शंभरेक मीटरांच्या घरात जाई, म्हणजे तोवर सारी गल्लीच संशयित होती.

कधी कधी चूक कोणाचीच नसते. लंडनमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची जुनी रेषा दाखवणाऱ्या जमिनीतल्या धातूच्या पट्टीवर पाय ठेवून हौसेने फोटो काढला, तरी मोबाइल शून्य रेखांश दाखवत नाही, कारण उपग्रहांच्या हिशेबातली शून्य रेषा तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे. जुनी रेषा स्थानिक ओळंब्याच्या भरवशावर ठरवलेली, नवी पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून मोजलेली, आणि ग्रीनिचला ओळंबा नेमका त्या केंद्राकडे रोख धरून लोंबत नाही. एकाच जागेचे दोन प्रामाणिक पत्ते असू शकतात, हे मला तिथल्या वेधशाळेइतकेच प्रेक्षणीय वाटते.

ज्या कॅमेऱ्यांत जीपीएस नाही, त्यांच्यासाठी खिशातल्या मोबाइलवर वाटचालीची नोंद चालू ठेवायची आणि नंतर वेळ जुळवून प्रत्येक फोटोला त्या क्षणीची जागा द्यायची, ही चांगली रुळलेली रीत आहे. एक्झिफटूलसारखा प्रोग्रॅम शेकडो फोटोंचे हे काम बघता बघता उरकतो. सगळा भरवसा कॅमेऱ्याच्या घड्याळावर असतो, आणि ती घड्याळे भरवशाची नसतात. एका मिनिटाचा फरक पायी चालणाऱ्याला ऐंशी-एक मीटर हलवतो, तर ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाला पूर्ण एक किलोमीटर. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो सुचवणाऱ्याचे कौतुक वाटावे: निघताना मोबाइलच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचाच कॅमेऱ्याने एक फोटो काढून ठेवायचा. त्या फोटोत दिसणारी वेळ आणि त्याच्या फाइलमध्ये नोंदलेली वेळ यांची वजाबाकी केली, की दिवसभराच्या सगळ्या फोटोंची दुरुस्ती हाती येते.

काढणाऱ्याचा पत्ता फोटोत येतो याची दुसरी बाजू उघड आहे. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या, अँटिव्हायरस सॉफ्टवेअरमुळे नावाजलेल्या जॉन मॅकॅफी यांचा एका नियतकालिकाने प्रसिद्ध केलेला फोटो त्यातल्या आकड्यांमुळे ग्वाटेमालात काढलेला असल्याचे कळले आणि लपणे संपले. आपल्या मागावर कोणी नसले तरी दिवाणखान्यात झोपलेल्या मांजराचा फोटो आपल्या दाराचा पत्ता घेऊनच बाहेर पडू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत राहते, आणि दर्जा टिकावा म्हणून आपण नेमके तेच करतो. प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणारे आयनॅचरलिस्ट दुर्मीळ जातींची जागा मुद्दाम पुसट करून दाखवते, जेणेकरून शिकाऱ्याला नकाशा आयता मिळू नये. मूळ फाइलमध्ये जागा असावी आणि बाहेर जाणाऱ्या प्रतीत ती नसावी, हे धोरण मला माणसांसाठीही योग्य वाटते.

पण माझा खरा जीव गुंतला आहे तो कागदावरून स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंत. त्यांच्यासोबत कसलेही आकडे येत नाहीत. टाचणी हातानेच लावावी लागते, आणि लावायची असते ती दिसणाऱ्या माणसांच्या पायाशी नव्हे, तर न दिसणाऱ्याच्या. त्यासाठी फोटोत एकामागे एक आलेल्या दोन वस्तू शोधायच्या. दिव्याच्या खांबाने मागच्या इमारतीची डावी कड बरोबर झाकली असेल, तर उपग्रहचित्रावर त्या दोहोंतून जाणारी सरळ रेघ पुढे ओढायची. काढणारा त्या रेघेवरच कुठेतरी होता. अशी आणखी एक जोडी सापडली, समजा पायऱ्यांचा कोपरा आणि त्यामागचे मनोऱ्याचे टोक, की दुसरी रेघ पहिलीला जिथे छेदते तिथे तो उभा होता. घराघरांत असा एक जण असतोच, ज्याच्या हाती कायम कॅमेरा असल्यामुळे तो कोणत्याच सहलीला गेला नव्हता असे अल्बमवरून वाटावे. या रेघा ओढत गेले, की त्या सहलींत तो कुठे कुठे थांबला, किती मागे सरकला, सगळ्यांना चौकटीत बसवण्यासाठी कोणत्या कठड्यावर चढला, हे एकेक करून उमगते.

मात्र अशा टाचणीलाही नकाशा सहा अंकांचाच थाट बहाल करतो, आणि तो मला खटकतो. स्थानात किती मीटरांची चूक असू शकते हे लिहिण्याचा एक रकाना २०१६ सालापासून एक्झिफमध्ये आहे. फोटो दाखवणारे फारच थोडे प्रोग्रॅम त्याची दखल घेतात, तरी मी तो भरतो. नुसता परिसर ओळखता आला तर दोनशे, एक रेघ मिळाली तर शंभर. अल्बममधल्या एका तलावकाठच्या फोटोला अलीकडेच दुसरी रेघ सापडली, आणि शंभराचे मी वीस केले.