निकाल विचारला, तर चांदणी दाखवली

लेकीचं नाव सहावीच्या लॉटरीत लागलं, त्या दिवशी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते आम्ही. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातली चार्टर मिडल स्कूल. म्हणजे पैसा सरकारचा, फी शून्य, पण कारभार स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, नेहमीच्या साच्याबाहेरचा. ही तर अगदीच चिमुकली शाळा, सहावी ते आठवी मिळून शंभरच्याही आत मुलं. ए-बी-सी ग्रेड नाहीत, सगळा भर प्रोजेक्टवर. अर्जाचं काही विशेष नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावीच लागते. प्रवेशाआधी कुणी जुनी मार्कलिस्ट मागितली तर देऊ नका, कॅलिफोर्नियात चार्टर शाळांना ती मागायची मनाईच आहे.

अडलं ते यानंतर. जागा घेणार की नाही, हे आठवड्याभरात कळवायचं होतं आणि मला एवढंच हवं होतं, की इथली मुलं गणितात कशी आहेत आणि त्यात कोणकोणत्या घरांतली मुलं आहेत. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर तेच चार शब्दांत विचारलं, "निकाल किती लागतो गं?"

शाळेच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, सगळं ऑनलाइन आहे. गेले ऑनलाइन. राज्याच्या कॅस्प परीक्षेच्या निकालांचं पान उघडलं, शाळा निवडली, इयत्ता सहावी, गट एशियन. आकड्याच्या जागी चांदणी (*). सातवी, चांदणी. आठवी, चांदणी. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा गट, चांदणी. नियम असा, की परीक्षा देणारी मुलं १० किंवा त्याहून कमी असली तर निकाल झाकतात, नाहीतर कोणाचं मूल किती पाण्यात आहे हे शेजारीपाजारी ओळखतील. नियम मला पटतो. पण एवढ्याशा शाळेत गट पाडायला गेलं की जवळजवळ सगळंच झाकलं जातं. मग राज्याचा डॅशबोर्ड, म्हणजे शाळांचं ऑनलाइन प्रगतिपुस्तक, पाहिला. तिथे लाल ते निळा असे पाच रंगांचे मीटर असतात, पण ३० पेक्षा कमी मुलांच्या गटाला रंगच देत नाहीत. आमच्या शाळेच्या पानावर बरेचसे मीटर करडे.

परत ऑफिसला ईमेल. उत्तर आलं, "प्रायव्हसीमुळे देता येत नाही." अहो, मी कुठल्या पोराचं नाव विचारलं? सहावीत आलेली मुलं आठवीत जाईपर्यंत किती पुढे सरकतात, एवढंच विचारलं होतं. पुन्हा लिहिलं. उत्तरात शाळा दाखवायच्या कार्यक्रमाचं आमंत्रण. गेले. प्रिन्सिपॉल कम्युनिटीबद्दल भरभरून बोलल्या, भिंतींवरचे प्रोजेक्ट खरोखर सुंदर होते, एका मुलाने खाडीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून तारखांसकट ओळीत मांडले होते. गणिताचा विषय काढला तर म्हणाल्या, "आकड्यांतून आमची शाळा दिसत नाही." असेलही. पण चांदणी आयतीच मिळाली आहे तर तिच्याआड बसायला बरं पडतं, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

शेवटी गाडी हलली ती चार्टरच्या नूतनीकरणाच्या अर्जामुळे. चार्टरला कायमची परवानगी नसते, मुदत संपली की अर्ज करून निकाल दाखवावे लागतात. २०१९ च्या कायद्यानंतर तर निकालांवरून शाळांची वर्गवारी होते आणि कमकुवत ठरलेल्या शाळेला फार तर दोन वर्षांची मुदतवाढ मिळते. म्हणजे जे मला द्यायला जमत नव्हतं, ते परवानगी देणाऱ्यांपुढे बयाजवार मांडलेलं होतं! हा अर्ज सार्वजनिक असतो. चार्टरच्या बोर्डाच्या बैठकाही खुल्या असतात, अजेंड्यासोबतचे कागद वाचता येतात. मागूनही कोणी कागद दिले नाहीत तर पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली लेखी मागा, देणार की नाही हे १० दिवसांत सांगावं लागतं. मला ती वेळ आली नाही. शेकडो पानं होती. रात्री नवरा घोरत होता आणि मी तक्ते वाचत होते.

त्यातून दिसलं ते असं. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं डिस्ट्रिक्टच्या मानाने बरीच जास्त. बरीच मुलं आधीच्या शाळेत मागे पडलेली. इंग्रजीत ती तीन वर्षांत चांगली वर येतात, गणितात रखडतात. मॅप नावाच्या, मुलाची प्रगती मोजणाऱ्या चाचणीतली वाढही तेच सांगत होती. नुसती सरासरी पाहिली असती तर मी शाळेवर काट मारली असती.

तक्ते वाचताना एक लक्षात ठेवा, वर्गात पंचवीस मुलं असतील तर एका मुलामागे चार टक्के हलतात. एका वर्षाच्या उडीवर किंवा घसरणीवर जाऊ नका. यंदाच्या सहावीची पुढच्या वर्षीच्या सातवीशी तुलना करा, आणि इयत्ता झाकलेल्या असतील तर सगळ्या इयत्तांची एकत्र ओळ बघा, ती कधीकधी उघडी असते. एशियन गटाच्या आकड्यावर तर फार विसंबूच नका. त्यात भारतीय, चिनी, व्हिएतनामी सगळे एकत्र, फिलिपिनो तेवढे वेगळे.

जागा घेतली आम्ही. गणिताचं घरी बघू म्हटलं.

हो, आणि घरची भाषा विचारणारा फॉर्म. तो राज्यात पहिल्यांदा सरकारी शाळेत नाव घालताना एकदाच भरायचा असतो. मराठी लिहिलंत तर मुलाला एल्पॅक नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तेवढ्याला घाबरून कित्येक जण इंग्रजी लिहितात. खरं ते लिहा. इंग्रजी येत असलेलं मूल सहसा त्यातून पार होतं.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के चुकले, म्हणजे १८० मधले १८, की मूल सततच्या गैरहजेरीत मोजलं जातं, रजा मंजूर असली तरीही. छोट्या शाळेत अशी दोन-तीन मुलं झाली की डॅशबोर्डचा रंग हलतो, त्यामुळे ऑफिस एकदम जागं होतं. इंडिपेंडंट स्टडीचा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास करायचा, करार जायच्या आधी करून घ्या, दिलेला अभ्यास पूर्ण केला की ते दिवस हजेरीत धरतात. तिकिटं काढली की लगेच मागा. आदल्या दिवशी गेलात तर त्या बाई "ऑनलाइन आहे" म्हणतील.