ढगाळ डिसेंबर आणि मोठ्याने वाचणे

खानदेशच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वदूर आहे. हिवाळ्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि बोललेच तर भरिताच्या पंगतीबद्दल बोलते. तुरीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, शेतात मांडलेली पंगत, हे सारे खरेच आहे. परंतु फैजपूरजवळच्या आमच्या गावात गेला हिवाळा त्या पंगतीचा नव्हता. डिसेंबरात आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिले, उत्तरेची सातपुड्याची रांग दिसेनाशी झाली, आणि ढग हटले तेव्हा थंडी अशी उतरली की केळीवर चरका पडला. पारा दहा अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, निसवण म्हणजे घड बाहेर पडणे लांबते. यजमान रात्री बागेला पाणी देत आणि पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करीत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा होता आणि माझीही शाळेतली नोकरी नुकतीच संपली होती. मनावर ओझे कशाचे आहे असे कोणी विचारले असते, तर यांपैकी एकाकडेही मला बोट दाखवता आले नसते.

मन रमावे म्हणून वाचनालयातून मी आधी विनोदी पुस्तके आणली. ती दोन-चार पानांतच मिटली गेली. उदास माणसाला हसवू पाहणाऱ्या पुस्तकाचा राग येतो, हे मला या वयात कळले. मग कपाटातली बालकवींची कविता काढली. शाळेत मी वर्षानुवर्षे त्यांचे निसर्गाचे आणि आनंदाचे गाणे शिकवले. पण कारण न कळणाऱ्या उदासीनतेवरही याच कवीने लिहिले आहे, हे शिकवण्याच्या ओघात मागे पडले होते. 1890 साली धरणगावात जन्मलेला आणि 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेलेला हा कवी तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. भादलीवरून मी किती वेळा गाडीने गेले असेन! त्याच्या ओळींनी उदासी गेली नाही, परंतु आपल्याच मुलखातल्या कोणाला तरी ती ठाऊक होती, एवढ्याने तिचा परकेपणा गेला.

खरा दिलासा मात्र मोठ्याने वाचण्यातून मिळाला, आणि तो योगायोगाने. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू. एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना, त्यांनी विचारले की मनातल्या मनात काय पुटपुटतेस. मी बहिणाबाई वाचत होते, म्हणून तेच मोठ्याने वाचू लागले. दुसऱ्याच ओळीला त्यांनी मला अडवले: “आसं नही वं!” आमच्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याला डोया म्हणतात, पुस्तकातही तसेच छापलेले होते, पण माझ्या मास्तरीण जिभेने त्यावर शाळेचा हेल चढवला होता. त्यांनी तीच ओळ जात्यावर बसल्यासारखी म्हणून दाखवली. मी पुन्हा वाचली, त्यांनी पुन्हा दुरुस्त केली.

असोद्याच्या बहिणाबाईंनाही अक्षरओळख नव्हती. त्या घरात आणि शेतात काम करता करता गात, घरातली माणसे ते टिपून घेत. 1951 च्या डिसेंबरात त्या गेल्या, त्यानंतर त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये गाणी छापली गेली. हे मी सांगितले तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की आमच्याकडेही अशा गाणाऱ्या बाया होत्या, लिहिणारे कोणी नव्हते. मला त्यावर काही उत्तर सुचले नाही.

पुढे महिनाभर रोज संध्याकाळी हाच परिपाठ झाला. शेगडीत निखारे, अंगावर गोधडी, माझे वाचणे आणि त्यांचे अडवणे. यजमान बागेतून आले की दारातच थांबून थोडे ऐकत आणि चहा स्वतःच ठेवत, जे त्यांनी लग्नानंतर क्वचितच केले असेल. केळीचे नुकसान व्हायचे तेवढे झालेच.

संक्रांतीनंतर आभाळ स्वच्छ झाले. एके दिवशी दुपारीच, ऊन छान पडले आहे म्हणून, मी पुस्तक घेऊन ओसरीवर बसले. सासूबाईंनी हातानेच थांबवले. आत्ता नको म्हणाल्या, अंधार पडू दे.