पाणी किती फूट?

पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर तब्येतीआधी पाणी विचारतो. "पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला किती?" 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात ते 55 च्याही वर गेलं आणि मग काही केल्या उतरेना. पाणी म्हणजे असं ठाण मांडून बसणारं, हे डोक्यात पक्कं.

त्यामुळे सासुरवाडीला, विजयदुर्गच्या खाडीकाठी, पौर्णिमेच्या संध्याकाळी बघतच राहिलो. जेवताना परसातल्या माडाशी आलेलं पाणी सहा तासांत पार गायब! ना बातमी, ना पंचनामा. मेहुणा म्हणाला, "भावोजी, ही उधाणाची, म्हणजे मोठ्या भरतीमागची ओहोटी. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते, तेव्हा एवढं सुकत नाही." भरतीची वेळ तो तिथीवरून काढतो. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास. पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. (एवढा तोंडी हिशेब आमच्याकडे फक्त उसाच्या बिलाचा.)

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत उतरलो आणि पहिल्याच पावलाला चिखलानं पोटरी धरली. तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. चिखलात हवा नाही, म्हणून मुळंच हवा घ्यायला बाहेर. मेहुण्यानं एक पान तोडून दिलं. "चाटा." चाटलं. आमटीत दोनदा मीठ पडावं तसं! झाड नको असलेलं मीठ पानांवाटे टाकून देतं.

पुढे नखाएवढे खेकडे. एकेकाची एक नांगी जवळपास अंगाएवढी, तीच हलवून माद्यांना बोलावणं चाललेलं. मी पाय उचलला आणि सगळा चिखल रिकामा. मग मीही खांबासारखा उभा राहिलो. बऱ्याच वेळानं एका बिळातून दोन डोळे आले, मग एक नांगी, आणि पुन्हा हात हलवणं सुरू. बाजूलाच एक निवटा, मासा असून पाण्याबाहेर, ओल्या कातडीतून श्वास घेत, माझ्याकडे रोखून. 'पाव्हणं, कुठलं?' एवढंच विचारायचं राहिलं होतं.

कुठलं काय सांगणार? गगनबावड्याला घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागराला जातो. समुद्र इतका जवळ, आणि आमचं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून निघतं.

"चला, पाणी फिरलं," मेहुणा म्हणाला. मला तर काहीच दिसेना. सवयीनं विचारलं, "किती फूट?"

तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "आधी पाय काढा, मग मोजू."